ब्योमकेशला कात्री लावताना

सदर : संकलनाच्या टेबलावरून
सिनेमाच्या जोडणी-तोडणीबद्दल वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त संकलिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, सा. न. वि. वि. मी सांगलीचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. (अरे-तुरे केलंत तर बरं वाटेल.) दिबाकर बॅनर्जींचा ‘डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी!’ मी किती वेळा पाहिला असेल त्याचा हिशेब नाही. पण १९४३च्या कलकत्त्यात इलेक्ट्रिक गिटार का वाजते आणि डोक्याने काम करणाऱ्या माणसाच्या गोष्टीत एवढं रक्त का, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी टोचतात. शेवटी विकतच्या डीव्हीडीवरून सिनेमा लॅपटॉपवर घेतला आणि स्वतःच पुन्हा एडिट केला. कृष्णधवल केला. बँडची गाणी काढून तिथे सैगलच्या रेकॉर्डी टाकल्या. सुरुवातीचा टोळ्यांचा रक्तपात उडवला, अंगूरीदेवी या पात्राचा भाग अर्ध्यावर आणला. सव्वादोन तासांच्या वरचा सिनेमा पावणेदोन तासांत बसवला. रूमवरच्या मित्रांना दाखवला तर म्हणाले, ‘दिसतो भारी, पण शेवट कुठून आला ते कळत नाही आणि मधे मधे कंटाळा येतो.’ लांबी कमी केली तरी कंटाळा कसा? पेन ड्राइव्ह सोबत पाठवतोय.
— एक वाचक, सांगली

उत्तर : पेन ड्राइव्ह मिळाला. एकदा सलग पाहिला, मग कागद-पेन्सिल घेऊन.

आधी जमलेलं सांगते, कारण ते थोडं नाही. मेसमधल्या, म्हणजे ब्योमकेश उतरतो त्या राहण्या-जेवणाच्या घरातल्या, चौकशीच्या भागात तू असलेल्याच शॉटांत आवाज मागे-पुढे सरकवून बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्यावर लवकर गेला आहेस. प्रश्न संपायच्या आत आपल्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. ब्योमकेश हा माणसांकडे बघत बसणारा प्राणी, त्याला हे शोभतं. हे तुला कोणी सांगितलं नसणार. हाताला आपोआप सुचलं असेल तर हात चांगला आहे.

आता शेवट. तो कुठून आला ते मित्रांना कळलं नाही, कारण तो जिथून येतो ते रीळच तू टाकून दिलंस. सुरुवातीच्या त्या रक्तपातात आपल्याला फक्त एवढं कळतं, की या शहरात कोणीतरी आहे, ज्याचा चेहरा आपण पाहिलेला नाही, आणि तो काय करू शकतो ते पाहिलं आहे. (ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी नाव सांगत नाही.) त्यानंतर अजित येतो, वडील हरवल्याचं सांगतो, ब्योमकेश फाडफाड तर्क लढवतो आणि थोबाडीत खातो. हा प्रसंग गमतीचा आहे. पण त्या आधी आपण प्रेतं पाहिलेली असतात म्हणून हसताना पोटात थोडं दुखतं. तुझ्या आवृत्तीत तो नुसताच कॉलेजातला विनोद झाला. पुढे ब्योमकेश गल्लीबोळांतून फिरतो, फाटकांच्या आत डोकावतो, लोकांना नको ते विचारतो. मूळ सिनेमात आपल्याला वाटत राहतं, याला कल्पना नाही हा कुठे हात घालतोय. तुझ्यात तो फिरतोय आणि आपण बघतोय. कंटाळा आला तो तिथे. तेवीस-चोवीस मिनिटांची गल्लीतली भटकंती तू जवळजवळ तशीच ठेवलीस आणि तिला धरून ठेवणारी पाच-सात मिनिटं काढलीस.

वॉल्टर मर्च या संकलकाने कट कुठे घ्यावा यासाठी सहा कसोट्या सांगितल्या आहेत आणि त्यांना चक्क टक्के दिले आहेत : भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, उरलेल्या तीन, म्हणजे प्रेक्षकाची नजर, पडद्याचा सपाट पृष्ठभाग आणि प्रत्यक्ष जागेतलं सातत्य, यांना मिळून १६. टक्क्यांचं मनावर घेऊ नकोस, पण यादीत काय नाही ते बघ. ‘मला हे आवडत नाही’ हा रकाना त्यात नाही, आणि ‘किती मिनिटं वाचली’ हाही नाही. तुझे निम्मे कट या दोन रकान्यांत बसतात.

अंगूरीदेवीबद्दल फार बोलत नाही. स्वस्तिका मुखर्जीने ती बाई अशी उभी केली आहे की ती समोर आली की ब्योमकेशची नजर पहिल्यांदा नीट काम करत नाही. सगळं ओळखणाऱ्या माणसाला एक तरी गोष्ट ओळखता येऊ नये, ही गरज आहे त्या कथेची. तिला परत आण.

संगीतावर जरा थांबते, कारण तिथे मला तुझ्याशी भांडायचं आहे.

या सिनेमाचं संगीत वेगवेगळ्या बँडांकडून करून घेतलेलं आहे आणि ते जाणूनबुजून आजचं आहे, हे तर दिसतंच. तुला ते खटकलं, खटकू दे. पण त्याच्या जागी तू काय ठेवलंस? प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी सैगल. जुना काळ म्हटला की आवाज हळू, चाल संथ आणि ग्रामोफोनची खरखर, हे आपल्या डोक्यातलं चित्र आहे, आणि ते इतर जुन्या सिनेमांनीच तिथे ठेवलं आहे. १९४२-४३चं कलकत्ता असं नव्हतं. डिसेंबर १९४२मध्ये जपान्यांनी तिथे बॉम्ब टाकायला सुरुवात केली होती. शहरात ब्लॅकआउट होता, गोऱ्या आणि अमेरिकन सैनिकांची गर्दी होती, आणि चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात टेडी वेदरफर्ड नावाचा अमेरिकन पियानोवादक बँड घेऊन जॅझ वाजवत होता. तो पुढे १९४५ साली कलकत्त्यातच कॉलऱ्याने गेला. त्या काळातल्या अशा हॉटेल-बँडांत आपले गोव्याचे वादक असत. म्हणजे त्या शहरातल्या एखाद्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या कानावर नवीन, परकं, कर्कश असं काहीतरी पडतच होतं. त्या पोराला आज जे ऐकू आलं असतं ते गिटारने वाजवलं, तर माझ्या मते ते सैगलपेक्षा १९४३च्या जास्त जवळचं आहे. सैगल मला तुझ्याइतकाच प्रिय आहे, पण तो तू वातावरणासाठी वापरलास. उदबत्तीसारखा.

समजा तुला माझं पटलं नाही. मग नुसतं संगीत काढून टाक, बदलू नकोस. व्ही. शांतारामांनी १९३७च्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातून, रस्त्यातून येतं. आणि ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची गोष्ट तर तुझ्यासाठीच आहे. १९५७ साली स्टुडिओने तो सिनेमा त्याच्या हातून काढून स्वतःच्या मनाने जोडला. वेल्सने पाहिला आणि ५८ पानांचं टिपण लिहून पाठवलं : इथे हे करा, तिथे ते करू नका. त्यातलं बरंच कोणी ऐकलं नाही. १९९८मध्ये, वेल्सला जाऊन तेरा वर्षं झाल्यावर, याच मर्चने ते टिपण समोर ठेवून सिनेमा पुन्हा जोडला. सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध लांबलचक क्रेन शॉटवरची श्रेयनामावली काढली, हेन्री मॅन्सिनीचं संगीत काढलं, आणि त्याजागी रस्त्यातल्या दारूच्या अड्ड्यांतून, गाडीच्या रेडिओतून येणारे आवाज ठेवले. गाडीत बॉम्ब आहे हे आपल्याला माहीत असतं. पूर्वी संगीत ‘घाबरा’ म्हणून सांगायचं; आता गाडीचा रेडिओ जवळ येतो, लांब जातो आणि आपण आपले कान टवकारून ती गाडी शोधतो.

हे त्यांना करता आलं, कारण स्टुडिओच त्यांच्या पाठीशी होता आणि संवाद, संगीत, इतर आवाज हे वेगळे मिळाले. तुझ्याकडे डीव्हीडी आहे. तिच्यात सगळं एकत्र शिजलेलं. सहा चॅनलच्या ध्वनीत संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर असतात, म्हणून चहाते मंडळी बाजूचे चॅनल बंद करून संगीत घालवतात. तूही तेच केलंस. पण बाजूच्या चॅनलवर नुसतं संगीत नसतं. पावलं असतात, पाऊस असतो, शेजारच्या खोलीतली भांडी असतात. मेसमधल्या एका संवादात बाहेर ट्रामची घंटा वाजतेय, आणि तुझ्या कटावर ती मधेच नाहीशी होते. दोन वाक्यांनी पुन्हा उगवते. तुझ्या मित्रांनी ‘कंटाळा’ म्हटलं त्यात याचाही वाटा आहे. असा जोड आला की प्रेक्षकाला चूक कळत नाही, पण त्याचं गोष्टीवरचं लक्ष सुटतं. हल्ली एआयवर चालणारी आवाज वेगळे करायची साधनं आली आहेत, त्यांनी संवाद बराच स्वच्छ निघतो. पण निघाल्यावर तो कुठल्याच खोलीतला वाटत नाही. त्याच्याखाली रिकाम्या खोलीचा आवाज पसरावा लागतो, आणि तो तुला त्याच सिनेमातून, जिथे कोणी बोलत नाही अशा दोन-तीन सेकंदांतून चोरावा लागेल. किचकट काम आहे. रात्रीच कर, पंखा बंद करून, हेडफोनवर.

एका बाबतीत तुझ्या बाजूने आहे. उलगड्याच्या प्रसंगात सगळं समजावून सांगणं लांबतं. तिथे तू हातच लावलेला नाहीस, बहुधा आदराने. तिथे काप. प्रेक्षकाने जे पाहिलं आहे ते पुन्हा तोंडाने सांगितलं जातं अशी प्रत्येक ओळ काढून बघ, आणि ज्या ओळीवाचून अडेल तेवढीच परत ठेव.

प्रश्न : ज्यांनी दोन-दोन वर्षं घाम गाळून सिनेमा केला, त्यांच्या कामात घरबसल्या ढवळाढवळ करण्याचा अधिकार चहात्यांना कोणी दिला? कादंबरीची पानं फाडून कोणी ‘माझी आवृत्ती’ म्हणून वाटली तर तुम्ही कौतुक कराल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अधिकार कोणी दिला नाही. कोणी मागितलाही नाही. लोक करत आले.

१९३६ साली न्यूयॉर्कमध्ये जोसेफ कॉर्नेल नावाच्या कलाकाराने असंच केलं. ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ नावाच्या १९३१च्या एका सामान्य जंगलपटाची प्रत त्याच्या हाती लागली. त्यातली नायिका रोझ होबार्ट त्याला आवडायची. म्हणून त्याने तिच्याशिवायचं जवळजवळ सगळं कापून टाकलं, जे उरलं ते उलटसुलट जोडलं, आवाज काढला, प्रोजेक्टरपुढे निळी काच धरली आणि ब्राझिली गाण्यांची एक रेकॉर्ड लावून ते दाखवलं. गोष्ट गेली. एक बाई उरली, जी सारखी कशाकडे तरी बघतेय. पहिल्या खेळाला साल्वादोर दाली हजर होता आणि त्याने भडकून प्रोजेक्टर पाडला. त्याचं म्हणणं, ही कल्पना माझ्या डोक्यात होती. कॉर्नेल लाजाळू माणूस, त्याने धसका घेतला. आज त्या जंगलपटाचं नाव निघतं ते बहुतेक कॉर्नेलमुळे.

त्याच्याही आधी, १९२४मध्ये, मॉस्कोत एस्फिर शुब ही बाई फ्रिट्झ लांगचा ‘डॉ. माबुझे’ हा काळाकुट्ट गुन्हेपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी कापून नव्याने जोडत होती. मूळ जर्मन सिनेमा दोन भागांचा, चार तासांच्या वर. तिच्या टेबलाशी एक तरुण नाटकवाला शिकायला बसायचा. त्याचं नाव सर्गेई आइझेनस्टाइन, आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘बॅटलशिप पोटेमकिन’ केला. ते काम सरकारी होतं आणि हेतू राजकीय होता, तेव्हा ‘चहाते’ म्हणता येणार नाही. पण दुसऱ्याचा सिनेमा उसवून पाहिल्याशिवाय शिवण कळत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. आमच्या शिक्षणातही एकाच रशेस, म्हणजे चित्रीकरणाचे कच्चे तुकडे, सगळ्यांना दिल्या जायच्या आणि प्रत्येकाचा प्रसंग वेगळा निघायचा. कोणाचा नायक भित्रा व्हायचा, कोणाचा लबाड.

तुमची कादंबरीची उपमा मला मान्य नाही. सांगलीच्या त्या मुलाने मूळ सिनेमाच्या प्रती जाळल्या नाहीत. तो दुकानातही आहे आणि लोकांच्या घरीही. तुमचा राग खऱ्या अर्थाने लागू पडतो ते वेगळ्या ठिकाणी : ज्याच्या हाती मालकी आहे तोच जेव्हा कापतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये ‘रांझना’ची तमिळ आवृत्ती एआयच्या मदतीने शेवट बदलून पुन्हा थिएटरात आणली गेली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनी जाहीर विरोध केला, तरी ती लागली. तिकीटबारीवर जो सिनेमा मिळाला तो तोच. नाशिकहून चिडायचं असेल तर यावर चिडा, मी तुमच्या शेजारी उभी राहते.

प्रश्न : सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’त काळ सारखा मागे-पुढे होतो. बायकोला आणि मला दोघांनाही धागा लागत नाही. सरळ कालक्रमाने लावून पाहिला तर? मुलाला एडिटिंग येतं.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मुलाला त्रास देऊ नका, हे करून झालंय. १९८४ साली कान महोत्सवात हा सिनेमा २२९ मिनिटांचा दाखवला गेला. अमेरिकेतल्या वितरकाने तो १३९ मिनिटांवर आणला आणि अगदी तुमच्यासारखाच विचार केला : प्रेक्षकाला धागा लागत नाही, सरळ लावू. आधी पोरं, मग तरुण गुंड, मग म्हातारे. सगळं कळू लागलं आणि सिनेमा पडला.

का पडला ते सांगते. लिओनेच्या आवृत्तीत आपण जवळजवळ सुरुवातीलाच नायकाला, नूडल्सला, अफूच्या अड्ड्यात पडलेला पाहतो आणि शेवटी पुन्हा तिथेच येतो. मधलं १९६८ सालचं सगळं म्हातारपण खरं घडलं, की त्या अफूच्या धुरात त्याने पाहिलं, हे कोणी सांगत नाही. ज्या माणसाने मित्राचा विश्वासघात केला, त्याला आयुष्यभर हवी असलेली एक गोष्ट त्या धुरात मिळते. कालक्रमाने लावलात की धूर गेला. उरतात चार मित्र, दरोडे आणि एक हिशेब.

२०१२मध्ये काही गळालेले प्रसंग परत घालून २५१ मिनिटांची प्रत कानलाच दाखवली गेली. तुम्ही २२९ मिनिटांचीच पाहा. दोन रात्री करून पाहिलीत तरी हरकत नाही, पण दुसऱ्या रात्री पहिली दहा मिनिटं पुन्हा लावा. वहिनींना सांगा, टेलिफोनची घंटा वाजत राहते ती बिघाड नाही, ती तशीच वाजवली आहे.

प्रश्न : जुन्या काळावरचा रंगीत सिनेमा कृष्णधवल केला की जास्त खरा वाटतो, असा माझा अनुभव आहे. सॉफ्टवेअरमध्ये रंग शून्यावर आणला की झालं ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : झालं, पण राखाडी झालं. सांगलीकरांच्या पेन ड्राइव्हवरही हेच आहे, म्हणून उत्तर दोघांना.

रंगीत सिनेमाचा छायालेखक रंगांनी वेगळेपण दाखवतो. हिरवट भिंतीपुढे लाल कपड्यातली बाई उठून दिसते. रंग काढला की लाल आणि हिरवा दोन्ही एकाच राखाडीत जाऊ शकतात आणि बाई भिंतीत जाते. म्हणून सॅच्युरेशनच्या खटक्याला हात न लावता चॅनल मिक्सर उघडायचा आणि लाल, हिरवा, निळा यांतला कोणता किती घ्यायचा ते प्रत्येक शॉटला ठरवायचं. लाल वाढवला की चेहरे उजळतात, डाग जातात, सगळे देखणे होतात. पण बंगाली गोष्टीत गंमत अशी, की लाल चॅनल फार वाढवलात तर पांढऱ्या साडीचा लाल काठही पांढरा होतो आणि सवाष्ण बाई पडद्यावर विधवा दिसायला लागते. उलट हिरव्या-निळ्याकडे झुकलात तर काठ काळाभोर, ओठही काळे. अगदी सुरुवातीच्या काळातल्या फिल्मला लाल दिसायचाच नाही, त्यामुळे तेव्हा असंच व्हायचं. चाळीसच्या दशकातली फिल्म सगळे रंग पकडणारी होती. १९४३चा भास हवा असेल तर मधे कुठेतरी थांबा.

हे नीट करणारे लोक आहेत. गिएर्मो देल तोरोचा ‘नाइटमेअर अॅली’ हा १९३९-४१च्या काळातला काळाकभिन्न थरारपट डिसेंबर २०२१मध्ये रंगीत आला आणि लगेच जानेवारीत त्याची कृष्णधवल आवृत्ती काही थिएटरांत लागली. कोएन बंधूंचा २००१चा ‘द मॅन हू वॉझन्ट देअर’ तर रंगीत फिल्मवर चित्रित करून कृष्णधवल छापला. पण तिथे छायालेखक रॉजर डीकिन्सला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की शेवटी रंग नसणार. दिवे तसे लावले, कपडे तसे निवडले. तुमच्यापुढे जो सिनेमा आहे त्यात दिवे रंगासाठी लावलेले आहेत. तेव्हा आधी दहा मिनिटांचा तुकडा करून पाहा, आणि तो मोबाइलवर न पाहता टीव्हीवर, खोलीत अंधार करून पाहा.

‘जास्त खरा वाटतो’ हे मात्र तपासून घ्या. १९४३मधल्या माणसांना जग रंगीतच दिसत होतं.

प्रश्न : मी सगळे सिनेमे मोबाइलवर दीडपट वेगाने पाहते. वेळ वाचतो. हेही एक प्रकारचं संकलनच ना?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : नाही.

प्रश्न : ब्योमकेशचे लेखक पुण्यात राहायचे असं वडील सांगायचे. खरं की पुणेरी दावा?
— एक वाचक, पुणे ३०

उत्तर : वडील बरोबर होते. शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ साली हिमांशु रॉयांच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले. ब्योमकेशच्या पहिल्या कथा त्याआधीच्या, १९३२पासूनच्या. मुंबईच्या वर्षांत, सिनेमासाठी लिहिताना, ब्योमकेश जवळजवळ गप्पच होता. १९५२मध्ये त्यांनी चित्रपटाचा धंदा सोडला, पुण्यात घर केलं आणि १९७०पर्यंत, शेवटपर्यंत, ते पुण्याचेच राहिले. ब्योमकेशच्या बऱ्याच कथा या पुणे मुक्कामातल्या आहेत. एक तर अर्धीच राहिली. दूरदर्शनवर १९९३मध्ये बासू चॅटर्जींनी केलेली मालिका आणि तिच्यातला रजित कपूर तुमच्या पिढीला आठवत असेल. सत्यजित राय यांनी १९६७मध्ये ‘चिडियाखाना’ केला तेव्हा लेखक हयात होते आणि पुण्यात होते. ‘सत्यान्वेषी’ ही मूळ कथा वाचलीत तर दिसेल की तिथे महायुद्ध नाही, जपानी नाहीत. एक मेस आहे आणि कोकेनचा चोरटा व्यापार. म्हणजे दिबाकर बॅनर्जींनी आधी शरदिंदूंना पुन्हा जोडलं, आणि मग सांगलीच्या पोराने बॅनर्जींना.

प्रश्न : (सांगलीच्याच वाचकाची पुरवणी) ताई, एक राहिलं. ही आवृत्ती मी सगळ्यांना बघायला खुली केली तर चालेल का? पैसे घेणार नाही.

उत्तर : नको. मी वकील नाही, पण आमच्या धंद्यात एवढं माहीत असावं लागतं.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात खाजगी किंवा वैयक्तिक वापर, अभ्यास, टीका-परीक्षण यांना सवलत आहे. घरी बसून तू जे शिकलास ते त्या छत्राखाली येतं असं म्हणायला जागा आहे. जागा आहे म्हणते, कारण डीव्हीडीचं कुलूप तोडण्याबद्दल २०१२मध्ये ६५-अ हे वेगळं कलम आलं, आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आवृत्ती लोकांत सोडलीस की हेतूबद्दल तुझी बाजू लंगडी पडते. शिवाय हक्कभंगाचं ५१वं कलम लागतं, आणि पैसे घेतले नाहीत याने ते टळत नाही. सैगलच्या ज्या रेकॉर्डी घातल्यास त्यांचे हक्क वेगळे. गाणं लिहिणाऱ्याचे आणि चाल लावणाऱ्याचे त्याहून वेगळे.

एक विचित्र गोष्ट लक्षात ठेव. आपल्या कायद्यात सिनेमाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही, आणि आम्ही संकलक तर कुठेच नाही. कामाची मोडतोड करून नाव खराब केलं तर ते थांबवण्याचा हक्क ५७व्या कलमाने कर्त्याला दिला आहे. लेखिका मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या सिनेमाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात हेच कलम लढवलं आणि १९८६ साली न्यायालयाने कर्त्याच्या बाजूने बोलून ठेवलं. दिग्दर्शकाला मात्र हे कलम सरळ हाती धरता येत नाही. त्यामुळे तुझ्या आवृत्तीवर बॅनर्जी चिडले तरी नोटीस येईल ती निर्मात्याकडून.

लोकांना दाखवायचंच असेल तर असा सिनेमा घे, ज्याची मुदत संपली आहे. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९४९चा ‘महल’ घे. अंधार आहे, ओसाड वाडा आहे, झोपाळा आहे, मागच्या जन्माचा संशय आहे, आणि बॉम्बे टॉकीजचाच आहे. आणखी एक : तो कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केला, पण संकलक म्हणून नाव आहे बिमल रॉय यांचं. त्यांनी कुठे कापलं, कुठे कापायचं टाळलं, ते आधी नुसतं लिहून काढ. गाणी वगळ, कारण गीत आणि चाल यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात आणि तो हिशेब प्रत्येक गाण्याला वेगळा निघतो. पहिली वीस मिनिटं तुझ्या पद्धतीने जोड, मूळ चित्रपटाचं नाव आणि ही तुझी आवृत्ती आहे हे पहिल्याच पाटीवर लिही, आणि पाठव. या खेपेला सोबत कटांची यादीही हवी, प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. ‘आवडलं नाही’ हे कारण चालणार नाही.